पूर्वेचं ऑक्सफर्ड, कॉट बेसिसवर

मागच्या रविवारी आमच्या सोसायटीची मीटिंग झाली. विषय क्रमांक चार: विद्यार्थ्यांना फ्लॅट भाड्याने द्यावेत की नाही. पहिले तीन विषय (टँकरचं बिल, लिफ्टची दुरुस्ती, कबुतरं) वीस मिनिटांत उरकले आणि या चौथ्यावर सव्वा तास गेला. पोरं रात्री दोन वाजता गॅलरीत फोनवर बोलतात, चपला जिन्यात काढतात, ओला-सुका कचरा एकत्र टाकतात, वगैरे वगैरे. मग आमचे एक ज्येष्ठ सभासद उभे राहिले. बँकेतून रिटायर झालेले, एकेकाळचे खजिनदार, शांत गृहस्थ. म्हणाले, "अहो, विद्यार्थी आहेत म्हणून पुणं आहे. विद्यापीठ हीच आपली खरी इंडस्ट्री. ही पोरं गेली की काय होतं ते लॉकडाऊनमध्ये बघितलंत ना?"

टाळ्या नाही पडल्या, पण माना हलल्या. ठराव झाला की विद्यार्थ्यांना फ्लॅट देता येईल, मेंटेनन्स मात्र दीडपट. (पैसे घेतले की चपलांचा आवाज कमी होतो, हे मला नव्यानेच कळलं.)

मान माझीही हलली. घरी येऊन चहा घेताना मात्र ते वाक्य घशात अडकल्यासारखं झालं. कारण हे वाक्य काही आमच्या खजिनदारसाहेबांचं एकट्याचं नाही. तालुक्याच्या आमदाराच्या भाषणात ते असतं: आमच्याकडे विद्यापीठाचं उपकेंद्र आणा, रोजगार येईल. बिल्डरच्या ब्रोशरमध्ये असतं. शिक्षणसम्राटांच्या वाढदिवसाच्या पुरवणीत तर हमखास. विद्यापीठ आलं की टपरी येते, मेस येते, रिक्षा येते, जमिनीला भाव येतो, म्हणजेच विकास होतो.

मला हे पटत नाही. त्यातला पैसा खरा आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा आहे, आणि तो खोटा निष्कर्ष काही लोकांच्या फार सोयीचा आहे. त्या काही लोकांत मी पण आहे, तेव्हा आधी माझाच हिशोब मांडतो.

कर्वेनगरमध्ये माझा एक जुना वन बीएचके आहे, लग्नाआधी घेतलेला. त्यात चार पोरं राहतात. माणशी साडेपाच हजार, म्हणजे महिन्याला बावीस. तोच फ्लॅट एखाद्या कुटुंबाला दिला तर सोळा-सतरा मिळतील, शिवाय बाथरूमची टाइल फुटली की रात्री फोन येईल. पोरं टाइलबद्दल फोन करत नाहीत. त्या बावीस हजारांत माझ्या सध्याच्या घराच्या हप्त्याचा चांगला तुकडा निघतो. तर, "विद्यार्थ्यांमुळे पुण्याचं अर्थकारण चालतं" या वाक्यातलं अर्थकारण म्हणजे मी.

आता हे बावीस हजार येतात कुठून? एक पोरगा परभणीकडचा, बापाची सहा एकर कोरडवाहू. एक धाराशिवचा, आई अंगणवाडी सेविका. एक सांगोल्याचा; त्याच्याकडे नंतर येतो. चौथा यवतमाळचा, त्याचा मोठा भाऊ चाकणला कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहे आणि धाकट्याला पैसे पाठवतो. म्हणजे माझा हप्ता सोयाबीन, अंगणवाडीचं मानधन, डाळिंब आणि चाकणचा ओव्हरटाइम यांतून जातो. यातला एकही रुपया विद्यापीठाने तयार केलेला नाही. तो आधीच होता, दुसरीकडे. विद्यापीठाच्या नावाने तो पुण्यात आला, एवढंच. आपल्या भाषेत सांगायचं तर हे कॉपी-पेस्ट पण नाही, कट-पेस्ट आहे. ज्या फोल्डरमध्ये पेस्ट झालं त्याच फोल्डरची साइझ बघून आपण "वाढ झाली" म्हणून नाचतोय.

हे मला कळायला खरं म्हणजे उशीर व्हायला नको होता, कारण २००१ साली मी स्वतःच कट होऊन पेस्ट झालो होतो. उदगीरहून इंजिनिअरिंगला आलो. कसब्यात एका वाड्यात कॉट बेसिसवर राहायचो. एका खोलीत पाच कॉटा, पाचवी दारामागे, त्यामुळे पाचवा झोपला की दार उघडायचं नाही. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. महिन्याला अडीच हजार पाठवायचे. चार वर्षांचे लाख-सव्वा लाख झाले, फी वेगळी. ते पैसे उदगीरच्या किराणावाल्याकडे, शिंप्याकडे, गवंड्याकडे गेले असते. ते कसब्यातल्या घरमालकाकडे आणि नारायण पेठेतल्या मेसवाल्या काकूंकडे गेले. बरं, शिकून मी परत गेलो का? नाही गेलो. म्हणजे उदगीरचा पैसाही इकडे आला आणि पोरगाही. पुण्याच्या ताळेबंदात दोन्ही जमेच्या बाजूला आहेत. उदगीरचा ताळेबंद कोणी मांडलेला मला तरी माहीत नाही.

आणि असं नाही की मराठवाड्यात विद्यापीठ नव्हतं. औरंगाबादचं (आत्ताचं छत्रपती संभाजीनगर) विद्यापीठ १९५८ चं, नांदेडचं १९९४ चं. तरी आम्ही पुण्याची एसटी धरली, कारण नोकऱ्या पुण्यात होत्या. म्हणजे विद्यापीठाने नोकऱ्या खेचल्या की नोकऱ्यांनी विद्यार्थी खेचले, हा प्रश्न निदान विचारायला तरी हवा.

ऑफिसात लंचला हे बोललो की लगेच उत्तर येतं: "आणि मग हिंजवडी? ती काय आपोआप झाली?" मुद्दा बरोबर आहे, त्यामुळे त्याला नीट उत्तर देतो.

पुण्यात कॉलेजं विद्यापीठाच्या आधीपासून आहेत. इंजिनिअरिंगचं शिक्षण १८५४ पासून, फर्ग्युसन १८८५ पासून. पुणे विद्यापीठ झालं १९४९ मध्ये, गव्हर्नरच्या गणेशखिंडीच्या बंगल्यात. पहिले कुलगुरू बॅरिस्टर जयकर. कारखानदारीची गोष्ट मात्र वेगळ्याच रस्त्याने गेली. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, तो लष्करामुळे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये, केंद्र सरकारची. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि त्याच दशकात टेल्को, बजाज वगैरे मंडळी पिंपरी-आकुर्डीच्या माळावर आली. त्यांना जमीन हवी होती, पाणी हवं होतं, मुंबई जवळ हवी होती, आणि मुंबईची महागाई नको होती. शिकलेली माणसं मिळतात हा बोनस होता. नाकारत नाही.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर एक गंमत बघा. इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यात सुरू झाली. १९८३ मध्ये ती बंगलोरला गेली, कारण तिचं तिथलं पहिलं मोठं गिऱ्हाईक, मायको, बंगलोरचं होतं. आणि त्याच १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांनी महाराष्ट्रात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. कंपनी गिऱ्हाईकामागे गेली. शहरात किती कॉलेजं आहेत हे तिला थांबवायला पुरलं नाही. पुढे हिंजवडीत ती (आणि सगळेच) आले ते मात्र या कॉलेजांतून बाहेर पडणाऱ्या पोरांसाठी. हे श्रेय द्यायलाच हवं. वसंतदादांचा तो निर्णय झाला नसता तर मी आज उदगीरला मास्तर असतो, किंवा नसतोही.

पण कंपन्यांना नक्की काय हवं होतं? आमच्या जॉइनिंग बॅचमध्ये मेकॅनिकल, सिव्हिल, प्रॉडक्शन, केमिकल, सगळे एका हॉलमध्ये बसवले होते. तीन महिने जावा शिकवली, तीही कंपनीच्या माणसांनी. चार वर्षांत विद्यापीठाने जे शिकवलं त्यातलं एक अक्षरही कोणी विचारलं नाही. त्यांना गाळणी हवी होती. कोणीतरी लाखभर पोरांमधून इंग्रजी कळणारी, चार वर्षं टिकून बसणारी, प्रॉब्लेम सोडवायला नाही न म्हणणारी पोरं वेगळी करून द्यायची. विद्यापीठाने ते काम केलं, चोख केलं. पण गाळणीची एक अडचण असते: गाळायला काही आलं नाही, किंवा गाळलेलं कोणाला नको झालं, की ती नुसती खुंटीला टांगून ठेवायची वस्तू होते. २०२३-२४ मध्ये मोठ्या कंपन्यांनी फ्रेशर्सची भरती आखडली तेव्हा ज्यांच्या घरात फायनल इयरचं पोरगं होतं त्यांनी हे बघितलंय.

आणि आता मूळ मुद्दा. भरती आखडल्यावर पेठांमधल्या "खऱ्या इंडस्ट्री"चं काय झालं? मंदी आली? अजिबात नाही. धंदा जोरात चालू राहिला.

का, ते बघायचं असेल तर एखाद्या संध्याकाळी शास्त्री रस्त्याने चालत जा. फायनल इयरलाच ज्याला नोकरी लागते तो पोरगा जूनमध्ये कॉट सोडतो, वाकडला मित्रांबरोबर फ्लॅट घेतो, मेस बंद करतो. पेठेच्या दृष्टीने गिऱ्हाईक गेलं. ज्याला लागत नाही तो मात्र राहतो. तो क्लास लावतो. अभ्यासिकेत महिन्याच्या पैशांवर एक खुर्ची घेतो, तिला नंबर असतो, वर पंखा असतो किंवा नसतो. टेस्ट सिरीज लावतो. अप्पा बळवंत चौकातून पुस्तकं घेतो, सिलॅबस बदलला की परत घेतो. झेरॉक्स काढतो. दोन वेळची मेस लावतो, पैसे कमी पडले की एक वेळची करतो. एमपीएससी, कंबाइन, सरळसेवा, तलाठी, बँक. एक पोरगा सहा-सहा, सात-सात वर्षं. पुण्यात बेकार राहायला पैसे लागतात, आणि ते पैसे घरून येतात.

म्हणजे बघा हं. पास झालेला, नोकरी लागलेला पोरगा या अर्थव्यवस्थेला चार वर्षं पोसतो. नापास झालेला दहा वर्षं. नोकरी न लागलेला पदवीधर हा या धंद्याचा कच्चा माल आहे. एखाद्या साखर कारखान्याला ऊस नको असं वाटेल का? तसंच या धंद्याला बेकारी नको असं वाटायचं काही कारण नाही. कोणी दुष्ट आहे असं मी म्हणत नाही. मीही दुष्ट नाही (असं घरचे म्हणतात). पण माझ्या फ्लॅटचं भाडं वाढतं ते परीक्षा पुढे गेल्यावर, हे सत्य आहे.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये पोरं शास्त्री रस्त्यावर रात्रीची बसली होती, आठवत असेल. एमपीएससीची पूर्व परीक्षा आणि बँकांची आयबीपीएसची परीक्षा, दोन्ही एकाच दिवशी, २५ ऑगस्टला आल्या होत्या. शिवाय कृषीच्या जागा त्या परीक्षेत घ्या अशी मागणी होती. परीक्षा पुढे ढकलली गेली, आणि पूर्व परीक्षा झाली एकदम १ डिसेंबरला. पोरांचं म्हणणं योग्यच होतं. पण त्या जवळपास सव्वातीन महिन्यांचं कॉटभाडं, मेस आणि अभ्यासिका यांची बेरीज कुठल्या अहवालात येईल? "शिक्षणामुळे शहराला होणारं उत्पन्न" या सदरात.

"पण रोजगार तर निर्माण होतो ना, छोटा का होईना." होतो. मेसवाल्या काकू, पोळ्या लाटायला येणाऱ्या दोघी, झेरॉक्सवरचा पोरगा, अभ्यासिकेचा वॉचमन, डबे पोचवणारा. यांच्याबद्दल मला एक अक्षर वाईट बोलायचं नाही. मला तापात भात-वरण दिलेलं आहे या लोकांनी. पण यातली कोणती नोकरी पदवीधराची आहे? विद्यापीठाच्या आजूबाजूला जो रोजगार उगवला तो विद्यापीठातून बाहेर पडणाऱ्यांच्या कामाचा नाही. आणि त्या मेसवाल्या काकूंकडे तरी काय उरतं? गॅस, तेल, डाळ आणि जागेचं भाडं गेलं की उरतो तो त्यांच्या कष्टाचा मोबदला, तोही कमीच. २०२० च्या मार्चमध्ये पोरं एका आठवड्यात गावी गेली तेव्हा पहिल्या महिन्यातच त्यांच्या चुली थंड पडल्या. घरमालकांनी डिपॉझिटातून भाडं कापलं. मी नाही कापलं, पण मागितलं होतं, हेही लिहून टाकतो.

मग विद्यापीठाने काय करायचं असतं? उत्तर लांब शोधायला नको, खुद्द विद्यापीठाच्या शेजारी सापडतं. गणेशखिंडीतच फळ संशोधन केंद्र आहे. तिथे १९३६ मध्ये डॉ. चीमा यांनी आळंदी नावाच्या स्थानिक जातीतून डाळिंबाचं एक वाण निवडलं, त्यालाच पुढे "गणेश" म्हणू लागले. कित्येक वर्षं महाराष्ट्रात डाळिंब म्हणजे गणेश. मग राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातून "भगवा" आला, गणेशच्याच वंशातला, २००३ च्या सुमारास. रंग लाल, साल जाड, लांबच्या प्रवासाला टिकणारा. आज निर्यातीच्या डाळिंबात सगळीकडे भगवा आहे.

तो सांगोल्याचा पोरगा म्हणालो होतो ना, त्याच्या घरी अडीच एकर भगवा आहे. जिथे बाजरीसुद्धा धड होत नव्हती तिथे. छाटणीला माणसं लागतात, पेपर लावायला लागतात, प्रतवारीला, पॅकिंगला, ट्रक भरायला लागतात. ठिबकचं दुकान, औषधाचं दुकान, नर्सरी. तेल्या रोगाने बागा गेल्या तेव्हा लोक रडले, पण रडण्यासारखं काही होतं म्हणून रडले. हा पैसा कुठून कट करून आणलेला नाही, तो झाडाला लागलाय. विद्यापीठ जेव्हा एखादी गोष्ट शोधून काढतं आणि ती त्याच मुलखात रुजते तेव्हा अर्थकारण असं हलतं. त्यासाठी राहुरीला कोणी कॉट बेसिसवर राहावं लागलं नाही.

अमेरिकेचं उदाहरण देणार नव्हतो, कारण ते दिलं की कॉमेंट येते "तिकडेच का नाही जात". पण भाड्याचा विषय निघालाच आहे तर स्टॅनफर्डचं सांगायलाच हवं. स्टॅनफर्डकडे जमीन रग्गड होती, आणि देणगी देताना घातलेली अट अशी की ती विकायची नाही. मग १९५१ मध्ये, इंजिनिअरिंगचे डीन फ्रेड टर्मन यांच्या काळात, त्यांनी आपल्या जमिनीवर इंडस्ट्रियल पार्क काढलं आणि जमीन लांब मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायला सुरुवात केली. कोणाला? व्हेरियन असोसिएट्सला, ह्यूलेट-पॅकार्डला. ह्यूलेट आणि पॅकार्ड हे टर्मन यांचेच विद्यार्थी. म्हणजे भाडं त्यांनीही खाल्लं! फक्त आपल्या विद्यार्थ्यांकडून कॉटचं नाही, त्यांच्या कंपनीकडून जमिनीचं. त्यात अमेरिकन सैन्याच्या ऑर्डरींचा पैसा ओतलेला होता, हेही खरं; नुसत्या विद्येवर सिलिकॉन व्हॅली उभी राहिली असं कोणी सांगत असेल तर तोही थापा मारतोय.

आपल्याकडे तसं काहीच झालं नाही असंही नाही. १९८८ मध्ये सी-डॅक आलं, विद्यापीठाच्याच आवारात. अमेरिकेने क्रे सुपरकॉम्प्युटर द्यायला खळखळ केली आणि विजय भटकरांच्या टीमने १९९१ मध्ये परम ८००० करून दाखवला. आयुका त्याच आवारात, त्याच १९८८ ची, नारळीकरांची. दोन्ही संस्था मोठ्या, दोन्हींचा पुण्याला अभिमान. पण दोन्ही केंद्राच्या पैशावर, केंद्राच्या चौकटीत चाललेल्या. वाड्यात पाहुणे तालेवार आणि यजमानाच्या घरी पीठ मोजून, असा प्रकार.

यजमानाचं पीठ किती मोजून आहे ते बघा. २०२५ च्या एनआयआरएफ यादीत सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ एकूण गटात ३७ वरून ९१ वर घसरलं. कारणं अनेक सांगितली गेली, पण सगळ्यांच्या तोंडी पहिलं कारण एकच होतं: शिक्षक नाहीत. मंजूर पदांपैकी निम्म्याहून जास्त रिकामी. ज्या संस्थेला आपण रोजगार निर्माण करणारी इंडस्ट्री म्हणतो तिथे स्वतःच्या नोकऱ्याच भरलेल्या नव्हत्या. यापेक्षा जास्त काय बोलणार?

कॉलेजांत काय चाललंय ते माझ्या फ्लॅटमध्येच राहतं. परभणीचा तो पोरगा पोरगा नाही, चौतीस वर्षांचा आहे. सेट झालाय, पीएचडी झालीय. दोन कॉलेजांत तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, शिकवतो. तास घेतला तर पैसे, सुट्टी लागली की बंद. तास ठरतात जुलै-ऑगस्टमध्ये, मार्च-एप्रिलला संपतात, आणि पैसे हातात पडतात कधी तर दिवाळी झाल्यावर, एकदम, कापाकापी करून. उरलेल्या वेळात एका क्लासमध्ये शिकवतो. तिथे त्याच्यासमोर कोण बसलेलं असतं? त्याच्याच कॉलेजातून गेल्या वर्षी बाहेर पडलेली, नोकरी न लागलेली पोरं. कॉलेज त्याला वर्षाचे बारा महिने जगवू शकत नाही, त्याच्या विद्यार्थ्यांची बेकारी जगवते. मी काही कथा लिहीत नाहीये, हा माणूस माझ्याकडे दर महिन्याच्या सात तारखेला भाडं ट्रान्सफर करतो. कधी कधी सतरा तारखेला.

आपल्या ऑक्सफर्डचं अजून एक. (नेहरूंनी पुण्याला पूर्वेचं ऑक्सफर्ड म्हटलं असं सांगतात, आपण ते तेव्हापासून साइनबोर्डसारखं वापरतोय.) २०२१ च्या जानेवारीत कोविशील्डला आपल्याकडे मंजुरी मिळाली. ती लस शोधली खऱ्या ऑक्सफर्डने, म्हणजे तिथल्या विद्यापीठाने. बनवली आपल्या हडपसरच्या सीरमने, आणि अशा संख्येने बनवली की जगात दुसऱ्या कोणाला जमली नसती. सीरम १९६६ ची, पूनावालांच्या घोड्यांच्या फार्ममधून निघालेली. त्या आठवड्यात सगळं पुणं खूश होतं, मीही होतो, कंटेनरवर हार घातलेले फोटो फॉरवर्ड केले. पण त्या पूर्ण साखळीत "पूर्वेच्या ऑक्सफर्ड"चं, म्हणजे आपल्या विद्यापीठाचं काम कोणतं होतं? एकीकडे ज्ञान तयार करणारं विद्यापीठ, दुसरीकडे माल तयार करणारा कारखाना, आणि मधे आम्ही, खोल्या भाड्याने देणारे.

म्हणून तालुक्याला उपकेंद्र मागणाऱ्यांना माझा विरोध आहे असं समजू नका. उपकेंद्र जरूर मागा. पण "रोजगार येईल" म्हणून मागत असाल तर मागताना विचारा की तिथे पूर्ण पगाराचे किती शिक्षक नेमणार, आणि आपल्या मुलखातल्या कोणत्या प्रश्नावर ते काम करणार. नुसती इमारत आली तर काय होतं तेही आपण पाहिलंय. माळावर गुलाबी रंगाचं इंजिनिअरिंग कॉलेज, गेटसमोर चार टपऱ्या, दोन झेरॉक्स, एक मोबाइल रिचार्ज. पाच-सात वर्षांत जागा रिकाम्या राहायला लागल्या, एकेक ब्रँच बंद झाली, मग कॉलेज बंद. टपरीवाल्याने कर्ज काढून घेतलेला फ्रीज तेवढा राहिला. जमिनीचा भाव मात्र ज्याने घ्यायचा त्याने आधीच घेतला होता.

आणि पुण्यासाठी मागायचं असेल तर तीन गोष्टी मागतो. रिकामी पदं कायम भरा, सीएचबीवर पिढी जाळू नका. प्रत्येक कॉलेजने दरवर्षी जाहीर करावं की तीन वर्षांपूर्वी पास झालेली आपली पोरं आज काय करतात. "प्लेसमेंट"चे फ्लेक्स नकोत, पूर्ण यादी, अभ्यासिकेत बसलेल्यांसकट. ही माहिती मिळवणं अवघड नाही, हे मी धंद्याने सांगतो. एक साधा डेटाबेस आणि एक प्रामाणिक माणूस पुरेल. तिसरं म्हणजे हॉस्टेलं. सरकारी, स्वस्त, भरपूर. बाहेरगावच्या पोरांचा निम्मा पैसा छपरावर जातो, तो वाचला तर कोणी अंगणवाडी सेविका एखादं वर्ष कमी कर्जात राहील.

तिसरी मागणी लिहिताना हात जरा थांबला. हॉस्टेलं झाली तर माझा वन बीएचके सोळा हजारांवर येईल. ते चालेल असं लिहिणार होतो. चालेल, पण हप्त्याचं काय करायचं ते मला आज माहीत नाही.

करार या महिन्यात संपतोय. अकरा महिन्यांचा नवा करार करायचाय, एजंटने ड्राफ्ट पाठवलाय, नेहमीप्रमाणे दहा टक्के वाढ टाकून. परभणीच्या सरांचा काल मेसेज होता: "सर, यंदा वाढ थोडी बघा ना. दिवाळीनंतर तासिकांचे एकदम येतात." बायको म्हणाली, नको वाढवू. मी म्हणालो बघतो. ड्राफ्ट अजून तसाच उघडा आहे.